जुना पिकअप लांबच्या प्रवासाला काढताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विलीज, एफसी (फॉरवर्ड कंट्रोल जीप), डॉज, फार्गो, शेवरोले, जुनी टाटामोबाईल, असे पिकअप सांभाळणारे लोक ठाण्यात आणि नवी मुंबईत बरेच आहेत आणि दिवाळी जवळ आली की सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, कोकणात नेऊ का, नागपूरपर्यंत जाईल का, घाट चढेल का. त्यांची उत्तरं इथे एकत्र टाकतोय. माझा भर कशावर आहे ते आधीच सांगतो, जुनी गाडी जुनी आहे म्हणून रस्त्यात बंद पडत नाही, ती उभी राहिलेली असते म्हणून बंद पडते. खालचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

गाडी वर्षभर सोसायटीत उभी होती, पण एका सेल्फमध्ये सुरू होते आणि आवाजही मस्त आहे. मग निघायला काय हरकत आहे?

इंजिन सुरू होणं हा सगळ्यात सोपा भाग आहे हो. उभ्या गाडीत जे बिघडतं ते आवाजावरून कळतच नाही. ब्रेकच्या व्हील सिलिंडरला आतून गंज धरतो, वॉटर पंपाचं सील सुकून आक्रसतं, टाकीत उरलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतं, टायर एकाच जागी दबून राहतात, वायरिंगला उंदीर लागतात. त्यात आपली खाडीकाठची हवा, विटाव्यापासून बेलापूरपर्यंत कुठेही गाडी लावा, पावसाळाभर लोखंड ओलंच असतं. म्हणून प्रवास ठरला की पहिलं काम हे की गाडी दर आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर फिरवायची, पामबीचला न्या, घोडबंदरला न्या, पण इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं चालू ठेवून बंद करायची सवय उलट वाईट, जळण्यातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये साचतं आणि ते उडून जाईल इतकी गाडी तापतच नाही.

तयारीला किती आधी लागावं आणि सुरुवात कुठून करावी?

निदान तीन महिने हातात ठेवा. काम तेवढं नसतं पण पार्ट मिळायला वेळ जातो, आणि काम झाल्यावर गाडी चालवून बघायलाही वेळ लागतो. माझा क्रम ठरलेला आहे, आधी ब्रेक, मग कूलिंग, मग पेट्रोलची लाईन, मग वायरिंग, मग टायर आणि खालचं काम. डेंटिंग-पेंटिंग आणि कुशन सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. लोक नेमकं उलटं करतात, नव्या रंगात गाडी झकास दिसते, फोटो निघतात आणि मास्टर सिलिंडर मात्र तोच जुना, गळका. रंग उडालेली गाडी सुखरूप पोचते, ब्रेक नसलेली पोचत नाही.

असं काम करणारा मेस्त्री आता मिळतो का?

मिळतो, पण चकचकीत वर्कशॉपमध्ये शोधू नका, तिथे स्कॅनर लावायला सॉकेट सापडलं नाही की पोरं गोंधळतात. कळंबोलीला स्टील मार्केटच्या आसपास आणि तुर्भ्याला एपीएमसीच्या ट्रक टर्मिनलच्या बाजूला जड गाड्यांवर आयुष्य काढलेले मेस्त्री आहेत, पाटे (लीफ स्प्रिंग) मारणारे, रेडिएटरवाले, डायनामो बांधणारे, सगळे एका हाकेवर. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये लेथवाले भरपूर आहेत, बुश, पिन, वायसर असलं काही बाजारात नसेल तर नमुना घेऊन जा, करून देतात. पार्टसाठी मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाऊस पालथं घालावं लागतं. डॉज-फार्गो तर कुर्ल्यातच प्रीमियरच्या कारखान्यात बनायच्या, आणि जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ ते १९५४ शिवडीला होता, त्यामुळे जुन्या शेवरोलेचे पार्ट अजूनही कुणाच्या तरी माळ्यावर निघतात. विलीजवाल्यांची सगळ्यात मजा आहे, महिंद्राने १९४७ पासून जीप जोडायला घेतल्या आणि तेच इंजिन-गिअर पुढे इतकी वर्षं चाललं की बऱ्याच गोष्टी आजही नव्या मिळतात. मेस्त्री कुणीही असो, काम चालू असताना स्वतः शेजारी उभे रहा आणि काय खोललं, काय बदललं ते वहीत लिहा, रस्त्यात तीच वही कामाला येते.

ब्रेकचं नक्की काय काय करायचं? पॅडल तर ठीक लागतंय.

यावर जरा सविस्तर सांगतो कारण इथे हयगय चालत नाही. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि बहुतेकांना एकच सर्किट, म्हणजे एका चाकाची रबरी नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. तेव्हा चारही ड्रम काढा, व्हील सिलिंडर खोला, आत बोट फिरवून बघा, खड्डे लागले तर नुसती किट बदलून उपयोग नाही, नवं रबर आठवड्यात पुन्हा गळायला लागतं, सिलिंडरच बदला किंवा स्लीव्ह मारून घ्या. मास्टर सिलिंडरचंही तेच. रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी सगळ्या बदला, त्या आतून सुजतात आणि मग ब्रेक लागतो पण सुटत नाही, चाक धरून ठेवतं. लोखंडी पाईप चेसिसला घासून गेलेत का ते कंदील लावून बघा, खास करून मागच्या अॅक्सलवर.

ब्रेक ऑईल पूर्ण काढून नवीन भरा. डॉट ३ चं ऑईल कोरडं असताना साधारण २०५ डिग्रीला उकळतं, पण ते हवेतली ओल ओढत राहतं आणि पाणी मुरलं की तेच १४० च्या आसपास उकळायला लागतं. घाट उतरताना ऑईल उकळून आत वाफ झाली की पॅडल सरळ खाली, आणि इथल्या दमट हवेत हे लवकर होतं म्हणून मी दर दोन वर्षांनी बदला म्हणतो.

डबल सर्किटचं मास्टर सिलिंडर बसवता येत असेल तर जरूर बसवून घ्या, गाडी ओरिजिनल ठेवायची हौस मलाही आहे पण इथे नाही.

हँडब्रेकबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. विलीजचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमधून उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून निसटू शकते. चाकाखाली लावायला दोन चांगले लाकडी ठोकळे गाडीत कायम पाहिजेत म्हणजे पाहिजेतच.

घाटात गरम होते. पाणी घालत घालत जायचं का?

नाही, कारण शोधायचं. ट्रॅफिकमध्ये गरम होते की चढावर की दोन्हीकडे ते आधी लक्षात घ्या. तीन हात नाक्याला उभ्या उभ्या काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर उतरतो, तर फॅनकडे बघा, बेल्ट ढिला आहे का, फॅनभोवतीचं पत्र्याचं कव्हर कुणी काढून टाकलंय का. उलट चालताना आणि चढावर तापते तर रेडिएटर आतून चोकअप आहे असं समजा. इंजिन गरम झालं की बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर जपून हात फिरवा, जिथे थंड पट्टे लागतील तिथल्या नळ्या बंद आहेत. नुसतं फ्लशिंग करून ते सुटत नाही, वरची टाकी उकलून नळ्यांमध्ये सळ्या घालून साफ करावं लागतं, रॉडिंग म्हणतात त्याला, पितळी रेडिएटर असेल तर जुने रेडिएटरवाले मस्त करून देतात.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. झाकण जितका दाब धरतं त्या दर एक पीएसआयमागे पाणी साधारण दीड डिग्री उशिरा उकळतं, म्हणजे ७ पीएसआयचं झाकण चांगलं असेल तर शंभरच्या जागी ११० च्या वर. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर हा सगळा फायदा गेला, आणि ते रबर काही महाग नाही. होज पाईप हाताने दाबून बघा, दाबल्यावर करकरला किंवा भसका लागला तर बदला, आणि खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे का बघा, ती नसेल तर स्पीडला तो होज पाण्याच्या ओढीने आत चिकटतो आणि तुम्ही थांबलात की परत सरळ होतो, मेस्त्रीला काही सापडत नाही. थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आहे आपल्याकडे, मला ती पटत नाही, इंजिन नीट तापत नाही आणि ऑईलमध्ये गाळ धरतो. इग्निशनचं टायमिंग मागे असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तरी गाडी तापते, ते पण तपासून घ्या.

आणि तापलीच तर झाकण लगेच उघडायचं नाही, अर्धा तास थांबा, मग फडकं टाकून हळूहळू. गरम इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो, इंजिन चालू ठेवून थोडं थोडं घाला. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहिले किंवा ऑईल दुधट झालं तर हेड गॅस्केट गेलंय, पुढे जायचा विचार सोडा.

आता सगळीकडे ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे, जुन्या इंजिनाला चालतं का?

इंजिनाला चालतं, रबराला चालत नाही. त्या काळातले होज, पंपाची डायफ्रॅम, कार्बोरेटरची पॅकिंग ही इथेनॉल डोळ्यासमोर ठेवून केलेलीच नव्हती, ती सुजतात, मऊ पडतात, मग चिरतात. शिवाय इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो, म्हणून लोक म्हणतात की नवीन पेट्रोल टाकल्यावर गाडी बंद पडायला लागली. टाकी उतरवून आतून साफ करा, इथेनॉलला टिकणारे होज टाका, पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे आत काय जमतंय ते दिसेल, आणि पहिल्या हजार किलोमीटरसाठी दोन-तीन फिल्टर जवळ ठेवा. टाकीला गॅसने किंवा वेल्डिंगने हात लावायचा असेल तर रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते, आतल्या वाफेचा स्फोट होतो, हे काम ज्याला माहीत आहे त्याच्याकडूनच.

पेट्रोल पंपाच्या डायफ्रॅमवर डोळा ठेवा. ती फाटली की पेट्रोल सरळ इंजिनाच्या ऑईलमध्ये उतरतं. गेज (ऑईल मोजायची काडी) काढून बघा, ऑईलची लेव्हल वाढलेली दिसली आणि काडीला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका, पातळ झालेल्या ऑईलवर बेअरिंग जातात. रोज सकाळी गेज काढून नुसता वास घ्यायला अर्धं मिनिट लागतं.

इथेनॉलमुळे मिश्रण थोडं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, गाडी खेचत नाही, झटके देते, प्लग पांढरे पडतात. अशा वेळी कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा. आणि घरी आल्यावर टाकीत ते पेट्रोल महिनोनमहिने ठेवू नका, पाणी ओढून घेतं आणि ते पाणी तळाला बसतं.

दुपारी ट्रॅफिकमध्ये बंद पडते आणि तासाभराने आपोआप सुरू होते, हे काय?

बहुतेक व्हेपर लॉक. पेट्रोलची लाईन किंवा पंप इतका तापतो की पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंप ती वाफ ओढू शकत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवा, बॉनेट उघडा, दहा-पंधरा मिनिटांत निघते. कायमचा उपाय म्हणजे लाईन एक्झॉस्टपासून लांब घ्यायची आणि मध्ये पत्र्याचा आडोसा करायचा. तसं केल्यावरही त्रास गेला नाही तर इग्निशन कॉईल आणि कंडेन्सर बघा, ते पण गरम झाल्यावर दगा देतात आणि गार झाल्यावर शहाण्यासारखे चालतात. फरक ओळखायला एक प्लग काढून बॉडीला टेकवा आणि सेल्फ मारा, पण कार्बोरेटरपासून लांब आणि पेट्रोल कुठे सांडलेलं नसताना. ठिणगी निळी असेल तर दोष पेट्रोलचा.

शिसं नसलेल्या पेट्रोलने व्हॉल्व्ह खराब होतात म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे, पण सावकाश होतं. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० सालापासून आहे, त्यामुळे त्यानंतर इंजिन उघडलं असेल तर मेस्त्रीने बहुधा कडक सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती रिंग) बसवलेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची टॅपेट गॅप पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर सीट खाल्ली जातेय असं समजा. ताशी पन्नास-साठने चालवणाऱ्याला एका प्रवासात काही होत नाही.

६ व्होल्टची गाडी आहे, १२ करू का?

लांब जायचं असेल आणि रात्री चालवायची वेळ येणार असेल तर करा. तसंच ठेवायचं असेल तर निदान केबल जाड टाका, ६ व्होल्टला पातळ केबल लावली की सेल्फ रडतो. अर्थची पट्टी चेसिसवरून काढून, गंज घासून परत लावा, जुन्या गाड्यांचे निम्मे इलेक्ट्रिकचे त्रास तिथे संपतात. डायनामो आयडलला चार्ज करत नाही हे लक्षात ठेवा, घोडबंदरच्या जाममध्ये हेडलाईट लावून तासभर उभे राहिलात तर बॅटरी बसणार. कापडी वेष्टणाच्या वायरी असतील तर सरळ नवीन लूम (वायरींचा पूर्ण जुडगा), आणि प्रत्येक लाईनला फ्यूज, या गाड्यांमध्ये फ्यूज एखाद-दुसराच असतो आणि आगी तिथून लागतात.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची गॅप विलीजच्या इंजिनाला ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पॉइंटच्या एका टोकाला टेकाड आणि दुसऱ्याला खड्डा दिसला तर कंडेन्सर पण बदला, नुसते घासून लावले तर कोल्हापूरच्या आधी परत तेच.

टायर भरपूर नक्षीचे आहेत, बदलायलाच हवेत का?

नक्षी बघू नका, तारीख बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर मी लांबच्या प्रवासाला नेत नाही, नक्षी कितीही असो, कारण रबर आतून सुकतं आणि तापलेल्या काँक्रीटवर थर सुटतात. नायलॉन आणि रेडियल एकाच अॅक्सलवर मिसळू नका. ट्यूब आणि फ्लॅप नवे घ्या, आणि स्टेपनी पण तितकीच चांगली हवी.

आता महत्त्वाचं. विलीज आणि जुन्या डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. हायवेवरचा पंक्चरवाला पोरगा लांब पाईप लावून सवयीच्या दिशेने जोर करतो आणि स्टड तोडतो. कळव्याच्या एका मित्राचे दोन स्टड असेच पनवेलच्या पुढे तुटले, दिवस गेला. स्टडच्या टोकाला इंग्रजी एल कोरलेला असतो, त्यावर रंगाचा ठिपका लावून ठेवा आणि पंक्चरवाल्याच्या डोक्यावर उभे रहा. चाक लावल्यावर पन्नासेक किलोमीटरने नट परत आवळा.

खालचं काम किती करायचं?

पाटे बघा, मेन पाट्याला तडा आहे का, यू-बोल्ट घट्ट आहेत का, शॅकलचे बुश. पुढचं चाक उचलून वर-खाली हलवा, खडखड आली तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) किंवा बेअरिंग, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक लावल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग, नाही थांबली तर किंगपिन. टाय रॉडचे एंड, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, आणि सगळ्या निपलांना ग्रीस, एकही चुकवू नका, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. स्टीअरिंगला थोडा प्ले असतोच, पण तो बॉक्समधला आहे की एंडमधला हे कळलं पाहिजे.

ऑईल कुठलं?

इंजिनाला २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० चं साधं मिनरल ऑईल. गिअरबॉक्सला जीएल-४ चं नव्वद नंबर, काही जीएल-५ ऑईलांतली रसायनं पितळी रिंगांना खातात. डिफरन्शियलचं ऑईल पण बदला, ते वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

माझी टाटामोबाईल आहे, डिझेल. हे सगळं लागू आहे का?

टाटामोबाईल १९८८ ची, बाकीच्यांच्या मानाने तरुण. ब्रेक, कूलिंग, टायर सगळं लागू, इग्निशनचं सोडून द्या. त्याऐवजी हीटर प्लग, डिझेल फिल्टर आणि लाईनमधून हवा काढायला शिका, फिल्टरवरचा हातपंप कसा मारायचा हे घरी दोनदा करून बघा.

ठाण्याहून निघायचं तर रस्ता कुठला घ्यावा? समृद्धीने जाऊ का?

विलीजला ५.३८ चं डिफरन्शियल आणि तीन गिअर, म्हणजे साठ-पासष्टच्या वर इंजिन विनाकारण ओरडतं. समृद्धी ५ जून २०२५ पासून पार भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत आली, नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, आणि इगतपुरीच्या बोगद्यामुळे कसाऱ्याचा चढ वाचतो, हे सगळं खरं. पण तिथे बाकीच्या गाड्या १२० ने येतात आणि तुम्ही साठने, मागून येणाऱ्याला अंदाज येत नाही. तासन्‌तास एकाच वेगात तापलेल्या काँक्रीटवर टायरचं पण हाल होतं आणि काही झालं तर आजूबाजूला ना मेस्त्री ना चहाची टपरी. मी जुन्या नाशिक हायवेने जाईन, शहापूर, कसारा, इगतपुरी, घाट पहाटे चढायचा, गार हवेत इंजिन खेचतं पण छान.

पुण्याकडे एक्सप्रेसवे सोडा, पनवेलहून जुन्या हायवेने खोपोली-खंडाळा. कोकणात कशेडीला आता बोगदा आहे त्यामुळे तो भाग सोपा झालाय, पण कोकणातून वर कोल्हापूरकडे यायला आंबा घाट दिवसाउजेडीच घ्या. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो, पॅडल खाली जायला लागतं. तसं वाटलं की मिळेल त्या सपाट जागेत थांबून अर्धा तास चहा प्या.

दिवसाला अडीचशे किलोमीटर पुरे. कुणी चारशे म्हणेल, त्याचं ऐकू नका, संध्याकाळी उजेड असताना पोचलात तर गाडीखाली वाकून बघायला वेळ मिळतो.

ट्रायल कुठे मारावी?

कल्याण, मुरबाड, माळशेज आणि परत. सुरुवातीला शहराचं ट्रॅफिक, मग सपाट रस्ता, मग खरा चढ आणि खरा उतार, सगळं एका दिवसात मिळतं. ट्रायलला पण प्रवासाला नेणार तेवढंच वजन आणि तेवढीच माणसं घेऊन जा, रिकाम्या गाडीने घाट चढला म्हणजे काही सिद्ध होत नाही. परत आल्यावर गाडी स्वच्छ पुठ्ठ्यावर उभी करा आणि सकाळी पुठ्ठ्यावर काय कुठे पडलंय ते बघा. ट्रायलमध्ये काही निघालं तर दुरुस्त करून परत ट्रायल, निघायच्या आठवड्यात मात्र कसलंही नवीन काम काढायचं नाही. टाकी फुल करून किलोमीटर मोजून अॅव्हरेज पण त्याच दिवशी काढा, जुन्या काट्यावर विश्वास ठेवून पेट्रोल संपलेले खूप बघितलेत.

सोबत कुठले पार्ट घ्यावेत?

जे रस्त्याच्या कडेला तुम्हाला स्वतःला बसवता येतं आणि जे गावात मिळत नाही तेच घ्या. फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, कॉईल, दोन प्लग, पंपाची डायफ्रॅम, वरचा-खालचा होज आणि क्लिपा, व्हील सिलिंडरची किट, ब्रेक ऑईलची सीलबंद बाटली, फ्यूज, बल्ब, बाइंडिंग वायर, एमसील, टेस्ट लॅम्प, जॅक, टॉमी, ओढायला मजबूत दोर. पाने इंचाचे की एमएमचे ते घरी लावून बघा, अमेरिकन गाडीला एमएमचे पाने लावून नटाच्या कडा गोल झाल्या की रस्त्यात कुणी वाली नाही. इंजिन ऑईलचा एक डबा आणि वीस लिटर पाणी कायम.

हौद्यात माणसं बसवली तर चालतात का? सामान कसं भरावं?

माणसं नाही. पोरं कितीही मागे लागली तरी नाही, हौद्यात धरायला काही नसतं आणि कायद्यालाही ते मान्य नाही. सामान जड तेवढं केबिनच्या पाठीला लावून, खाली, दोन्ही बाजूंना सारखं. पूर्ण रिकामा हौदा असेल तर मागचे पाटे कडक राहून गाडी खड्ड्यात उडते, शंभरेक किलो वजन असलं तर उलट बरी बसते. फाळक्याच्या साखळ्या आणि खिट्ट्या तपासा, ताडपत्री पुढून मागे बांधा म्हणजे वारा शिरत नाही. केबिनमध्ये बेल्ट नसतील तर निदान कमरेचे बेल्ट चेसिसला पक्के बोल्ट करून घ्या, पत्र्याला नाही.

पावसात किंवा रात्री चालवावी का?

टाळता आलं तर टाळा. जुन्या अमेरिकन गाड्यांचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात, चढावर एक्सलेटर दाबला की व्हॅक्यूम कमी होतो आणि वायपर नेमका तेव्हाच थांबतो, माळशेजच्या पावसात हे अनुभवायची वेळ येऊ देऊ नका. इलेक्ट्रिक मोटर बसते. मागे मोठे रिफ्लेक्टर, जादा ब्रेक लाईट आणि चारही इंडिकेटर एकदम लागतील असं बटण बसवा, मूळ टेललाईट ट्रकवाल्याला दिसतच नाही.

कागदपत्रांचं काय? विंटेज म्हणून नोंदणी करून घेऊ का?

आधी नियम बघा. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या खासगी दुचाकी आणि चारचाकी कारच त्यात बसतात, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको, नंबरमध्ये व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. पण मालवाहू म्हणून नोंद असलेला पिकअप या व्याख्येत येत नाही, आणि विंटेज नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणजे ज्याला गाडी फिरवायची आहे त्याने नेहमीची नोंदणी जिवंत ठेवलेली बरी. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, ठाण्याची एमएच ०४ आणि नवी मुंबईची एमएच ४३. पीयूसी, निदान थर्ड पार्टी इन्शुरन्स, नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आणि फास्टॅग, एवढं हवंच. इन्शुरन्सवाले देतात ती रस्त्यावरची मदत जुन्या गाडीला बहुतेक वेळा मिळत नाही, पॉलिसी घेतानाच विचारा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला तर क्रेन आणि मदत मिळते, तो नंबर केबिनमध्ये लिहून ठेवा.

पोचल्यावर, परत निघायच्या आधी काय बघायचं?

एक सकाळ राखून ठेवा. गाडी थंड असताना ऑईलची लेव्हल आणि वास, रेडिएटरचं पाणी, ब्रेक ऑईलची पातळी, बेल्टचा ताण. पातळी उतरली असेल तर नुसतं भरू नका, कुठे गेलं ते शोधा, चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसतंय का बघा. चाकांचे नट, यू-बोल्ट, हौद्याचे बोल्ट आवळा, पुढच्या निपलांना ग्रीस मारा, चालवून आल्यावर चारही ड्रमला हाताचा मागचा भाग जवळ नेऊन बघा, एक जास्त तापलेला असेल तर तो ब्रेक धरतोय, तेवढा सैल करून घ्या आणि मग पेट्रोल भरा.